फोटो ठेवायचे कुठे आणि परत मिळवायचे कसे?

मोबाइलवर ‘स्टोरेज संपत आले आहे’ अशी सूचना आली की बहुतेक घरांत एकच प्रश्न विचारला जातो : कुठली सेवा जास्त जागा फुकट देते? प्रश्न स्वाभाविक आहे, पण अपुरा आहे. ज्या सेवेत आपण मुलीच्या बारशापासून वडिलांच्या एकसष्टीपर्यंतचे फोटो ठेवणार आहोत, ती सेवा दहा वर्षांनी कोणत्या अटींवर चालेल हे आज कोणीच सांगू शकत नाही. म्हणून माझे मत स्पष्ट आहे. सेवा निवडताना जागा आणि दर यांच्याआधी एक गोष्ट पाहावी : आपले फोटो तारखांसकट, मूळ दर्जात, आपल्याला हवे तेव्हा तिथून बाहेर काढता येतात का? बाकीचे सगळे मुद्दे त्यानंतरचे.

मागच्या वीस वर्षांत काय झाले

हा आग्रह कशासाठी, ते या क्षेत्राच्या इतिहासावरून कळते. ऑर्कुट २००४ साली सुरू झाले आणि भारतातल्या कॉलेजवयीन पिढीने आपले पहिले डिजिटल अल्बम तिथे लावले. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झाले. अल्बम उतरवून घ्यायला गूगलने सप्टेंबर २०१६पर्यंत मुदत दिली होती. ज्यांनी ती चुकवली, त्यांचे होस्टेलच्या दिवसांचे फोटो गेले. पिकासा हे त्याच काळातले दुसरे लाडके नाव; तेही २०१६मध्ये आवरले गेले, पण तिथले अल्बम गूगल फोटोजमध्ये आल्यामुळे बहुतेकांचे नुकसान टळले.

याहू फोटोज २००७मध्ये बंद झाले. वापरकर्त्यांनी आपला संग्रह कुठे हलवायचा हे ठरलेल्या मुदतीत सांगायचे होते. ज्यांनी काहीच सांगितले नाही, त्यांचे फोटो पुसले गेले. कोडॅकसारख्या, घरोघरी नाव पोहोचलेल्या कंपनीची ऑनलाइन गॅलरीही २०१२मध्ये, कंपनी दिवाळखोरीत असताना, बंद झाली. तिच्या अमेरिका-कॅनडातल्या ग्राहकांचे फोटो शटरफ्लायकडे सोपवण्यात आले. एव्हरपिक्स या सेवेची वापरणाऱ्यांत मोठी वाहवा होती, तरी पैशाअभावी ती २०१३मध्ये थांबली. ड्रॉपबॉक्सचे कॅरोसेल २०१६मध्ये गेले.

सेवा बंद न पडताही अटी बदलतात, आणि त्याचा फटका जास्त लोकांना बसतो. फोटोबकेटने २०१७मध्ये, आपल्याकडचे फोटो दुसऱ्या संकेतस्थळांवर दाखवण्यासाठी वर्षाला ३९९.९९ डॉलर मागितले आणि जगभरच्या असंख्य पानांवरची चित्रे एका फटक्यात नाहीशी झाली. फ्लिकरने २०१३मध्ये प्रत्येकाला १ टेराबाइट जागा मोफत दिली होती. २०१८मध्ये स्मगमगने फ्लिकर विकत घेतले आणि मोफत खात्यावर १,००० फोटोंची मर्यादा आली. गूगल फोटोज मे २०१५मध्ये आले तेव्हा ‘उच्च दर्जा’ या पर्यायात कितीही फोटो ठेवण्याची मुभा होती. ती १ जून २०२१ रोजी संपली. मायस्पेसची गोष्ट तर अटींपलीकडची आहे. सर्व्हर हलवताना २०१६पूर्वी चढवलेली गाणी, फोटो, व्हिडिओ हरवल्याचे त्यांना २०१९मध्ये कबूल करावे लागले.

या सगळ्यातून एवढेच घ्यायचे की मोठे नाव, चांगले काम आणि मोफत जागा यांपैकी कशावरही कायमचा भरवसा टाकता येत नाही. आपण जागा भाड्याने घेत आहोत, हे लक्षात ठेवूनच निवड करावी.

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे

आजवर मला सर्वांत जास्त हळहळ ज्या प्रकाराने वाटली, तो प्रकार सेवा बंद पडण्याचा नाही. फोनमध्ये जागा करायची म्हणून कोणी तरी फोटो निवडून डिलीट करते, ‘ते क्लाउडवर आहेतच’ अशा समजुतीने. आणि दोन महिन्यांनी कळते की तिथलेही गेले. आयक्लाउड फोटोज आणि गूगल फोटोज या दोन्ही सेवा मुळात सिंक करतात, म्हणजे फोन आणि क्लाउड यांच्यात एकसारखेपणा राखतात. इथून काढलेले तिथूनही निघते. कचरापेटीत फोटो काही दिवस थांबतात : आयफोनवर साधारण ३० दिवस, गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेल्या फोटोंसाठी ६० दिवस. त्यानंतर ते परत येत नाहीत.

फोनमधली जागा मोकळी करण्याची रीत वेगळी आहे. गूगल फोटोजमध्ये ‘फ्री अप स्पेस’ हा पर्याय फक्त फोनमधली प्रत काढतो, तीही बॅकअप झाल्याची खात्री करून. आयफोनमध्ये ‘ऑप्टिमाइझ स्टोरेज’ सुरू केले की फोनवर लहान प्रत राहते आणि मूळ फोटो आयक्लाउडवर असतो. घरातल्या ज्येष्ठांच्या फोनमध्ये ही सोय आपण स्वतः बसून लावून द्यावी आणि ‘डिलीट’ दाबण्याआधी विचारायला सांगावे. हे पाच मिनिटांचे काम कोणत्याही महागड्या योजनेपेक्षा जास्त फोटो वाचवते.

बॅकअपचा जुना नियम आजही उत्तम आहे. पीटर क्रोघ या छायाचित्रकाराने तो रूढ केला : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. हे ‘दुसरे ठिकाण’ किती मोलाचे असते, हे २००५च्या जुलैत मुंबईने, २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरने आणि २०२१च्या जुलैत चिपळूणने पाहिले. पाणी घरात शिरले की अल्बमची पाने एकमेकांना चिकटतात आणि कपाटातली हार्ड डिस्कही त्याच पाण्यात असते. क्लाउडचा खरा फायदा इथे आहे. आपल्या गावात काहीही झाले तरी एक प्रत दूर कुठेतरी सुरक्षित असते. उलट खाते बंद झाले, पासवर्ड गेला, कंपनी बुडाली, तर घरची डिस्क कामी येते. दोन्ही हव्यात.

आज समोर असलेले पर्याय

अँड्रॉइड फोन वापरणाऱ्या बहुसंख्य मराठी घरांसाठी गूगल फोटोज हा आपोआप समोर येणारा पर्याय आहे. त्याची खरी ताकद शोधात आहे. माणसाचा चेहरा, ठिकाण, ‘साडी’ किंवा ‘समुद्र’ असा शब्द यांवरून हजारो फोटोंतून हवा तो काढता येतो. मोफत जागा १५ जीबी. पण ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज यांची मिळून आहे, आणि अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता त्यातच मोजला जातो. जागा भरली की नवे फोटो चढणे थांबतेच, शिवाय जीमेलवर मेल येणेही बंद होते. एक फोटो ४ एमबीचा धरला तर १५ जीबीत पावणेचार हजारांच्या आसपास फोटो बसतात. ४के व्हिडिओ मात्र मिनिटाला साधारण १७० एमबी किंवा त्याहून जास्त जागा घेतो, म्हणजे तेवढ्याच जागेत दीड तासही मावत नाही. मुलांच्या गॅदरिंगचे दोन-तीन कार्यक्रम चित्रित केले की कोटा संपला. आणखी एक अट ध्यानात असू द्या : दोन वर्षे न वापरलेले खाते काढून टाकण्याचे धोरण गूगलने डिसेंबर २०२३पासून अमलात आणले आहे.

आयफोनवाल्यांसाठी आयक्लाउड सर्वांत सुटसुटीत, पण मोफत जागा जेमतेम ५ जीबी, आणि फोनचा बॅकअपही त्यातच. कुटुंबातल्या सहा जणांना एकच सामायिक फोटोसंग्रह ठेवता येतो, ही सोय २०२२पासून आहे आणि खरोखर उपयोगाची आहे. अडचण मिश्र घरांत येते. आईकडे अँड्रॉइड, मुलाकडे आयफोन असेल, तर आईला आयक्लाउड ब्राउझरमधून उघडावे लागते आणि ते तिच्या हाती बसत नाही. अशा घरांनी दोन्ही प्रकारच्या फोनवर नीट चालणारी सेवाच घ्यावी.

ॲमेझॉन फोटोजची गोष्ट परदेशातल्या मराठी कुटुंबांच्या कामाची आहे. अमेरिका, ब्रिटन, जर्मनी अशा देशांतल्या प्राइम सभासदांना मूळ दर्जातले फोटो अमर्याद ठेवता येतात. व्हिडिओंसाठी मात्र फक्त ५ जीबी. भारतातल्या प्राइम सभासदत्वात ही सोय नाही. न्यू जर्सीतल्या मुलाने सुचवले म्हणून नाशिकच्या वडिलांनी शोधायला जाऊ नये.

फ्लिकर हे हौशी आणि व्यावसायिक छायाचित्रकारांचे घर आहे. मोफत खात्यात १,००० फोटो राहतात आणि त्यांतले जास्तीत जास्त ५० खासगी ठेवता येतात. म्हणजे कुटुंबाच्या फोटोंसाठी ते बनलेलेच नाही. पक्षी, किल्ले, वारी, जुने वाडे टिपणाऱ्याला आपले काम जगापुढे ठेवायचे असेल, तर आजही इतकी चांगली जागा दुसरी नाही.

मोबाइल कंपन्याही आता जागा देऊ लागल्या आहेत. ऑगस्ट २०२४मध्ये रिलायन्सने जिओ ग्राहकांना १०० जीबीपर्यंत मोफत जागेची घोषणा केली. एअरटेलने मे २०२५मध्ये पोस्टपेड आणि वायफाय ग्राहकांना गूगलची १०० जीबी जागा सहा महिने मोफत दिली. अशी जागा जरूर घ्यावी, पण ती तुमच्या मोबाइल जोडणीशी बांधलेली असते. नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेला किंवा मोफत मुदत संपली तर फोटोंचे काय होईल, हे आधी वाचावे. शंभर जीबीचे फोटो मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात उतरवता येत नाहीत. रोज २ जीबी डेटा मिळणाऱ्या प्लॅनवर, सगळा डेटा त्याच कामाला लावला तरी पन्नास दिवस लागतात.

राहिले दोन वेगळ्या वळणाचे पर्याय. एन्टे ही विष्णू मोहनदास या भारतीय अभियंत्याने उभी केलेली सेवा आहे. फोटो फोनमध्येच कुलूपबंद होऊन सर्व्हरवर जातात, त्यामुळे कंपनीलाही ते पाहता येत नाहीत. तिचा संपूर्ण कोड खुला आहे. इमिच हे २०२२मध्ये ॲलेक्स ट्रॅन यांनी सुरू केलेले मोफत सॉफ्टवेअर आपल्या घरच्या संगणकावर चालवायचे असते. रूप बरेचसे गूगल फोटोजसारखे, पण ताबा पूर्ण आपला. वीज जाणे, डिस्क बिघडणे, अपडेट करणे हे सारे मग आपल्याच अंगावर येते. घरात संगणकाची आवड असलेले कोणी असेल आणि ते माणूस घरातच राहणार असेल, तरच या वाटेने जावे.

वाटणे हे वेगळे काम

फोटो साठवणे आणि फोटो वाटणे या दोन गोष्टींची गल्लत झाली की दोन्ही बिघडतात. आपल्याकडे वाटण्याचे काम व्हॉट्सॲप करते, आणि पाहण्यापुरते ते चोख करते. पण तिथून जाणारा फोटो आकाराने दाबला जातो आणि तो कधी, कुठे काढला याची फोटोतली नोंद गळून पडते. ऑगस्ट २०२३पासून एचडीचा पर्याय आला. तरी मूळ फोटो जसाच्या तसा पाठवायचा असेल तर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा लागतो. मामेबहिणीच्या लग्नातले पुण्याच्या काकांनी काढलेले फोटो ग्रुपवर आले आणि तेवढेच आपल्याकडे राहिले, तर दहा वर्षांनी त्यांची मोठी प्रिंट निघणार नाही. लग्न, मुंज, गणपती अशा प्रसंगांसाठी एक सामायिक अल्बम उघडून सगळ्यांना त्यात मूळ फोटो टाकायला सांगणे हा जास्त चांगला मार्ग आहे.

अल्बमची लिंक देताना दोन गोष्टी पाहा. लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला अल्बम दिसतो, त्यामुळे लहान मुलांचे फोटो लिंकने वाटण्यापेक्षा नावाने निवडलेल्या माणसांनाच द्यावेत. आणि दुसऱ्याच्या अल्बममधले फोटो आपले नसतात. त्याने अल्बम काढला की आपल्याकडचेही दिसेनासे होतात. आपल्या खात्यात ‘सेव्ह’ केलेलेच राहतात. लग्नाचा छायाचित्रकार ड्राइव्हची लिंक देतो तीही त्याच्याच खात्यातली असते. त्याला पुढच्या मोसमासाठी जागा लागली की ती रिकामी होणार. लिंक आली त्याच आठवड्यात सगळे उतरवून घ्यावे.

किल्ली कोणाकडे

गूगल आणि ॲपल यांच्या नेहमीच्या व्यवस्थेत फोटो कुलूपबंद असतात, पण किल्ली कंपनीकडेही असते. त्यामुळे पासवर्ड विसरला तर खाते परत मिळण्याची आशा राहते. त्याच किल्लीमुळे कंपनीला फोटो तपासताही येतात. अमेरिकेत २०२१मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वडिलांनी आजारी मुलाच्या अंगावरची सूज डॉक्टरला दाखवण्यासाठी फोनने टिपली. गूगलच्या यंत्रणेने तो बालशोषणाचा प्रकार ठरवला आणि खाते बंद केले. पोलिसांनी त्यांना निर्दोष ठरवल्यावरही खाते परत मिळाले नाही, आणि त्यांची मेल, संपर्क, फोटो सारे एकदम गेले. बालशोषणाविरुद्धची तपासणी आवश्यक आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण सगळे आयुष्य एकाच खात्यात ठेवण्याचा धोका या प्रकरणाइतका स्पष्ट दुसऱ्या कशाने दिसत नाही.

एव्हर या ॲपने लोकांच्या फोटोंवर चेहरे ओळखणारे तंत्र घडवले, आणि अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२१मध्ये त्यांना ते तंत्रच नष्ट करायला लावले. म्हणून अटींमध्ये ‘तुमच्या फोटोंचा वापर आम्ही कशासाठी करू’ हा भाग तरी वाचावा.

किल्ली फक्त आपल्याकडे हवी असेल तर एन्टे आहे, किंवा ॲपलचे ‘ॲडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन’ आहे, जे आपल्याला स्वतः सुरू करावे लागते. मग जबाबदारीही आपली. एन्टेची रिकव्हरी की चोवीस शब्दांची असते. पासवर्ड आणि ते शब्द दोन्ही हरवले तर कंपनी मदत करूच शकत नाही. ते कागदावर लिहून घराच्या महत्त्वाच्या कागदपत्रांबरोबर ठेवावेत. सेवा कोणतीही असो, दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करावी. २०१४मध्ये नामवंतांचे आयक्लाउडवरचे खासगी फोटो बाहेर आले, ते मुख्यतः फसव्या ईमेलने काढून घेतलेल्या पासवर्डमुळे.

आपल्यामागे

हा विषय घरात काढायला जड जातो, तरी काढावा. माणूस गेल्यावर फोनचा पिन कोणालाच ठाऊक नसतो, आणि त्या फोनमध्येच त्याचे शेवटच्या वर्षांचे सगळे फोटो असतात. गूगलमध्ये ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आहे. खाते ३, ६, १२ किंवा १८ महिने वापरले गेले नाही तर आपण नेमलेल्या, जास्तीत जास्त दहा, माणसांना कळवायचे आणि डेटा द्यायचा असे त्यात ठरवता येते. ॲपलमध्ये डिसेंबर २०२१पासून ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ नेमता येतो; त्या व्यक्तीला एक सांकेतिक किल्ली आणि मृत्यूचा दाखला दाखवावा लागतो. भारताच्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही आपल्यानंतर आपले हक्क बजावण्यासाठी व्यक्ती नेमण्याची तरतूद आहे. बँकेत नॉमिनी लावतो त्याच दिवशी इथलेही लावून टाकावे.

बाहेर पडण्याची वाट, जवळून

गूगलचे ‘टेकआउट’ ही बाहेर पडण्याची रीतसर वाट. मागणी नोंदवली की काही तासांनी किंवा दिवसांनी मेलवर लिंक येते आणि तिथून झिप फाइली उतरवायच्या. प्रत्येक फाइल किती मोठी हवी हे निवडता येते. २ जीबी ठेवले तर मोठ्या संग्रहाच्या पन्नास-पन्नास फाइली होतात, म्हणून चांगली जोडणी असल्यास १० किंवा ५० जीबी निवडावे. फाइली उघडल्यावर फोटोंच्या शेजारी जेसन नावाच्या छोट्या मजकूर-फाइली दिसतात. पुष्कळजण त्या निरुपयोगी समजून काढून टाकतात. तसे अजिबात करू नये.

कारण असे : फोनने काढलेल्या फोटोची तारीख त्या फोटोच्या आतच असते आणि ती तशीच परत येते. पण आजीच्या लग्नाचा कृष्णधवल फोटो स्कॅन करून आपण ॲपमध्ये ‘मे १९६८’ अशी तारीख घातली असेल, खाली नावे लिहिली असतील, तर ती मेहनत त्या जेसन फाइलीत असते. ती गेली की फोटो स्कॅन केलेल्या दिवसाचा होऊन बसतो. ‘एक्झिफटूल’ या मोफत साधनाने ती माहिती पुन्हा फोटोत घालता येते, पण त्यासाठी कोणीतरी जाणकार लागतो. म्हणून जुने फोटो क्लाउडवर चढवण्याआधीच, संगणकावर, त्यांच्या आत तारीख आणि नावे घालावीत. म्हणजे ते कोणत्याही सेवेत जाऊन येऊन तसेच राहतील.

टेकआउट दर दोन महिन्यांनी वर्षभर आपोआप व्हावे, असेही लावता येते. ॲपलमध्ये खात्याच्या ‘डेटा अँड प्रायव्हसी’ पानावरून प्रत मागता येते, आणि आयक्लाउडमधून थेट गूगल फोटोजकडे किंवा उलट संग्रह हलवण्याची सोयही आता आहे.

मग निवडायचे काय?

बहुतेक घरांसाठी मी हेच सांगेन : रोजच्या वापरासाठी गूगल फोटोज किंवा सगळ्यांकडे आयफोन असल्यास आयक्लाउड, तेही पैसे भरून. गूगलची १०० जीबीची योजना महिन्याला शंभर-दीडशे रुपयांच्या घरात असते आणि ती कुटुंबात वाटून घेता येते. त्याच्या जोडीला एक हार्ड डिस्क, जिच्यावर वर्षातून दोनदा, समजा दिवाळीनंतर आणि मेच्या सुट्टीत, सगळे फोटो उतरवायचे. ती शक्यतो दुसऱ्या नातेवाइकाच्या घरी ठेवायची. खासगीपणा अधिक जपायचा असेल त्यांनी एन्टे पाहावे. छायाचित्रण हाच छंद असेल त्यांनी फ्लिकर घ्यावे, पण एकमेव साठा म्हणून नाही.

आणि कोणत्याही सेवेत हजारो फोटो ओतण्याआधी पन्नास फोटोंची चाचणी घ्यावी. त्यात एक स्कॅन केलेला जुना फोटो असू द्या, एक लांब व्हिडिओ, एक दुसऱ्याने वाटलेला आणि एक ज्याची तारीख तुम्ही हाताने बदलली आहे. चढवा, अल्बम करा, घरच्यांना पाठवा. मग सगळे परत उतरवून संगणकावर उघडा आणि आकार, तारखा, नावे तपासा. एका रविवारच्या दुपारचे हे काम आहे. जे परत नीट आले नाही, ते तुमच्या पन्नास हजार फोटोंच्या बाबतीतही येणार नाही. आणि हे फोटो आत घालण्याआधी कळले, तर दुसरी सेवा निवडायला तुम्ही मोकळे असता.